पाट्याला चार भोकं

चंद्रपूरजवळच्या मूल गावात भात गिरण्यांच्या रस्त्यावर आमचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाबांचा डावा हात लुळा पडल्यापासून ते मीच चालवते. बाबा दारातल्या खुर्चीत बसून सूचना देतात.

एका सकाळी जंगलपट्टीतली एक बाई हातानं फिरवायची तीनचाकी सायकल घेऊन आली. तिचे पाय लहानपणापासून अधू होते. याच सायकलवरून ती बाजारोबाजारी चारोळी विकायची. चाकाचा आस धरणारी पट्टी वाकून चाक फ्रेमला घासत होतं. ती पट्टी मीच दोनदा बदलली होती.

"आता लावशीन तेही वाकन," ती म्हणाली. "बाजाराले जाऊ कशी मी?"

"सायकल ठेवून जा बाई. या वेळी पक्की करून ठेवीन," मी म्हटलं. तिचा भाऊ तिला मोटारसायकलवर घेऊन गेला.

साधी पट्टी वाकते म्हणून ट्रकच्या स्प्रिंगमधल्या जुन्या कमानपाट्याचा कडक तुकडा कापला आणि बोल्टसाठी चार भोकं पाडायला मी तो टेबलावरच्या छोट्या ड्रिल मशीनखाली धरला. बिट किंचाळलं, टोक निळं पडलं. पाट्यावर नुसता चकचकीत ठिपका उमटला.

"तापवून नरम कर, मंग पडते भोक," बाबा म्हणाले.

"नरम केला तं वाकन ना बाबा."

"मंग राहू दे. आपल्या मशीनचं काम नाई ते."

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी बसनं चंद्रपूरला जाऊन कडक पोलाद कापणारी कोबाल्टची बिटं आणली. मशीनचा पट्टा सगळ्यात हळू चालेल अशा पुलीवर चढवला. आधीचं बिट घासून आणखी कडक झालेली बाजू खाली केली, पाटा शिकंज्यात आवळला आणि आधी बारीक बिट लावलं. हलका हात ठेवला की बिट नुसतं घासायचं, म्हणून सगळा भार मशीनच्या दांड्यावर टाकला. लोखंडाची कुरळी साल निघू लागली.

तिसरं भोक आरपार होता होता बिट अडकून तुटलं. मी मशीन बंद केलं. तेवढ्यात बाबा भिंत धरत आले. चांगल्या हातात त्यांनी तेलाची कुपी घेतली.

"तू दाब दे. तेल मी सोडतो."

तुटका तुकडा मागून ठोकून काढला, नवं बिट लावलं. शेवटी दाब कमी करत आणला तसं भोक पडलं. चौथंही पडलं.

बाई भावाच्या मोटारसायकलवरून आली तेव्हा पाट्याची पट्टी बसवून झाली होती. सायकलवर बसून तिनं ती मुद्दाम रस्त्याकडेच्या खडबडीत गिट्टीवर घातली, वळवली, परत आणली.

"घासत नाई," ती म्हणाली, आणि भावाकडून चारोळीची पिशवी घेऊन बाजाराकडे निघाली.