ग्रिगोरीबद्दल काका तीनदा बोलले

"बाबा गेला गं… सकाळी, झोपेतच." मीराचा फोन आला तेव्हा मी लायब्ररीत बसले होते. मीरा ही वसंतकाकांची मुलगी. ती लीड्समध्येच जन्मली, त्यामुळे तिचं मराठी असं, वडिलांना सरळ अरे-तुरे करणारं. लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो सहीचा. काकांनी फॉर्मवर सही केली नव्हती.

मी हिंगोली जिल्ह्यातली, आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिलीच. शिष्यवृत्तीवर इथे इतिहासात एम.ए. करायला आले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बाजूने लढलेले कोसॅक, म्हणजे दक्षिण रशियाकडचे घोडेस्वार, आणि इतर रशियन स्वयंसेवक हा माझ्या प्रबंधाचा विषय. आई अजून विचारते, "आपलं काय त्यात?" काही जण स्टालिनवरच्या रागाने गेले, काही जर्मनांच्या कैदेत उपाशी मरण्यापेक्षा बरं म्हणून गेले. युद्धानंतर ब्रिटिशांनी हजारो कोसॅकांना सोव्हिएत सैन्याच्या हवाली केलं, थोडे निसटले. त्यातलाच एक ग्रिगोरी. नाव मी बदललं आहे. तो पोलंडचा असल्याचं सांगून यॉर्कशरच्या कापड गिरणीत लागला आणि जन्मभर पोलिश म्हणूनच राहिला. पुढे त्याच गिरणीत, शेजारच्या मागावर, विशीतले वसंतकाका आले. खरं काय ते ग्रिगोरीने फक्त त्यांना सांगितलं होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकांची ओळख झाली, त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं, आणि तिथेच माझी चूक झाली. मुलाखतीआधी संमतीच्या फॉर्मवर सही घ्यायची असा इथला नियम आहे. पण समोरचा म्हातारा माणूस स्वतः पिठलं वाढतोय, आणि मी आधी कागद पुढे करू? आमच्याकडे वडीलधाऱ्यांची सही मागितली की लोकांना आधी जमिनीचं भांडण आठवतं. म्हटलं, नंतर घेऊ. ते नंतर कधी आलंच नाही. "बघू गं, पेन सापडत नाहीये," म्हणायचे. पेन खिशाला असायचं!

आणि गोष्ट दर वेळी वेगळी. ग्रिगोरीच्या तुकडीने बाल्कनच्या डोंगरातलं एक गाव जाळलं होतं. पहिल्यांदा काका म्हणाले, "तो नुसता घोडे सांभाळायचा. घोड्याला काय, जर्मन काय नि रशियन काय!" दुसऱ्यांदा तो गावाबाहेरच्या पुलावर पहाऱ्याला होता.

"काका, मागच्या वेळी घोडे होते."

"मग? घोडे पुलावर नेता येत नाहीत?"

मी वैतागले. माझे मार्गदर्शक सर मसुदा मागत होते, आणि हे प्रकरण गेलं असतं तर माझ्या प्रबंधात दुसऱ्यांच्या पुस्तकांतलंच उरलं असतं. "काका, खरं एकच काहीतरी असेल ना?" मी जरा चढ्या आवाजात बोलले. ते म्हणाले, "तुझ्यासाठी तो चॅप्टर आहे. माझ्या लग्नात माझ्या बाजूने उभं राहायला अख्ख्या इंग्लंडात तो एकटा होता." आणि मग त्यांनी सांगितलं. पण नुसत्या ओठांनी! मागांच्या खडखडाटात तिथले कामगार आवाज न काढता बोलायचे आणि एकमेकांचे ओठ वाचायचे. "अहो काका, आवाज काढा ना!" मी कळवळून म्हटलं. त्यांनी तेच पुन्हा केलं. तीन शब्द असावेत, इंग्रजी. रेकॉर्डरवर त्या जागी फक्त फ्रिजची घरघर आहे. ती आमची शेवटची भेट.

काका गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या किचनमध्ये मीराने माझ्यासमोर तो फॉर्म ठेवला. जवळच्या नातेवाइकाची सही चालेल असं सरांनी कळवलं होतं. "कुठे साइन करू? सांग." मी पेन दिलं, मग परत घेतलं. म्हटलं, आधी ऐक, आणि रेकॉर्डर लावला. काकांचा आवाज सुरू झाला तशी ती हसली, रडली. "ग्रेग अंकल? त्याने मला सायकल शिकवला!" मग ती फ्रिजची घरघर आली. तिला लगेच कळलं. "बाबा ओठाने बोलतो ना इथे? पाहुणे असले की आम्हाला असाच ओरडायचा. मी सगळं वाचते त्याचं. तू करून दाखव."

मला संकोच वाटला. पण काकांचे ओठ कसे हलले ते मला पाठ झालं होतं. मी आवाज न काढता ते तीन आकार केले. मीरा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "परत," ती म्हणाली. मी परत केले. तिने फॉर्मची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि उठून किटली लावली.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"चहात साखर किती?"

हा लेख छापायला मीराची हरकत नाही. ते प्रकरण मी प्रबंधातून काढलं आहे. रविवारी मी अजून तिच्याकडे जाते, अजून विचारते, आणि ती पाठमोरी होऊन कप विसळत बसते. अगदी बापावर गेली आहे.