शेवटच्या गावचं पाणी

फोनवर रामटेके सरांचं नाव दिसलं आणि मी तो उचलला नाही. खोटं कशाला सांगू, गेल्या वर्षभरात त्यांचे बरेच फोन मी असेच वाजू दिले होते. हातातलं काम आटपलं की करीन, असं म्हणायचं आणि करायचं नाही. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडूनच उचलला, तर पलीकडे त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू. "तुये सर गेले. सकाळी चहा घेतला न् पडले," एवढंच बोलल्या. मी "कधी?" विचारलं, "कसे?" विचारलं, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आधीचे दोन फोनही त्यांनीच केले असणार… त्याला आता महिना होत आला.

पाटबंधाऱ्याच्या एका कार्यालयात सरांनी सगळी नोकरी काढली. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात चूक कार्यालयाची नव्हती. नहरेखालच्या, म्हणजे कालव्याखालच्या, कोणत्या गावाला धानासाठी कोणत्या दिवशी पाणी सुटेल, याचं पत्रक ते तरुणपणी हाताने करायचे. मग कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकून त्यांनी ते काम संगणकावर चढवलं, आणि ते निवृत्त झाले तरी त्यांचा प्रोग्राम चालतच राहिला. जुनं यंत्र अगदीच टेकीला आलं तेव्हा तो डॉटनेट या आजच्या प्लॅटफॉर्मवर आणण्याचं कंत्राट निघालं आणि त्यावर मी लागले. मी बपेऱ्याची, नागपुरात शिकलेली, नवी नवी आणि तेवढीच शहाणी. कोबोल वाचता येणारं दुसरं कोणी सापडेना म्हणून सरांना सल्ल्याला बोलावलं. एकोडीच्या पलीकडे, नहर जिथं संपते त्या गावाहून ते एसटीने यायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "मोडून नवीन बांधतं का फक्त घर बदलवतं?" मी म्हटलं, तूर्त घर बदलायचं. "मंग जुन्या घरात कोण कोण राहते, ते आधी विचारून घे," ते म्हणाले.

नव्या घराची गंमत मी त्यांना समजावून सांगितली होती. तिथे प्रोग्रामला लागणारी जागा प्लॅटफॉर्म स्वतःच देतो, काम झालं की झाडूनपुसून परत घेतो, आपण काळजी करायची नाही. "म्हणजे लॉजवाला आहे," सर म्हणाले, "पाहुणा गेला का चादर बदलवते." मी खूप हसले. ते हसले नाहीत, वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्यांची आणखी एक सवय मला फार खटकायची. छापून आलेलं पत्रक ते कायम खालून वर वाचत, शेवटच्या ओळीवर बोट ठेवून. वरच्या गावांना पाणी मिळतंच, त्यामुळे चूक असलीच तर ती खाली जाऊन साचते, असं त्यांचं म्हणणं. मला ते म्हातारपणाचं वेड वाटे.

नहरेवर एक रीत होती, कुठल्याही नियमात न लिहिलेली. गावात मयत झाली की त्या दिवशी त्या गावचं नहरेचं दार उघडायचं नाही. सगळी माणसं मातीला गेलेली, धानाच्या बांध्यांमधून पाणी फिरवायचं कोणी? पाळी त्याच गावची असली तर तेवढा दिवस नहरच बंद, आणि दुसऱ्या दिवशी पाणी जिथं थांबलं तिथूनच पुढे. त्यासाठी सरांनी वेगळी नोंद ठेवली नव्हती. त्यांच्या कोबोलमधला एक लहानसा उपप्रोग्राम काम संपलं तरी शेवटचं ठिकाण धरून बसायचा. एरवी मुख्य प्रोग्राम त्याला गावाचं नाव सांगायचा, पण बंदनंतरच्या सकाळी न सांगताच हाक मारायचा, त्याच्या लक्षात असेल या भरवशावर. मी तो नव्या घरात नेताना दर हाकेला कोरा होऊन सुरू होईल असा केला, कारण स्वच्छ काम असंच करतात असं मला शिकवलं होतं. सरांनी दोनदा बजावलं होतं, "बंदचे दिवस तपासून पाहजो." मी दोन्ही वेळा हो म्हटलं. खरं म्हणजे चाचणीसाठी घेतलेल्या जुन्या नोंदींतून ते दिवस मी कचरा समजून आधीच उडवले होते, आणि ते कबूल करायची लाज वाटली.

गेल्या वर्षी भादव्यातच पाऊस गायब झाला. धान पोटरीत आलेलं, आणि नव्या प्रोग्रामची ती पहिलीच पाणीपाळी. मधल्या एका गावात एक म्हातारी वारली, नहर एक दिवस बंद राहिली, आणि दुसऱ्या सकाळी नवं पत्रक घेऊन सर माझ्या टेबलाशी आले. बोट शेवटच्या ओळीवर.

"आमचं गाव कुठं आहे यात? वरच्याईले दुबार पाणी काहून देऊन राहिली?"

कार्यालयाचे साहेब समोर बसले होते, आणखी दोघे इंजिनिअर होते. मला वाटलं, म्हातारा माझ्या कामात खोड काढतोय आणि तीही सगळ्यांदेखत. मी म्हटलं, "सर, तुमचं गाव आहे म्हणून तुम्हाला चूक दिसते. प्रोग्रामला कोणाचं गाव कोणतं ते कळत नाही." सरांनी पत्रकाची घडी केली, खिशात घातली आणि "धान आणखी चार दिवस थांबन. पाचवा नाही थांबत," असं साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाले आणि एसटी गाठायला निघून गेले.

पहिला दिवस माझा रागात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांचं तोंड बंद करावं म्हणून मी त्याच छाटलेल्या नोंदींवर जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी शेजारी चालवले. दोन्हींची पत्रकं हुबेहूब सारखी आली, आणि मी विजयाने चहा प्यायले. पण ते 'चार दिवस' डोक्यातून जाईनात. तिसऱ्या दिवशी उडवलेले बंदचे दिवस परत घातले. जुना जिथं थांबला होता तिथून पुढे गेला. नवा पुन्हा पहिल्या गावापासून सुरू झाला. पाणी सोडायचे दिवस ठरलेले, त्यामुळे खालच्या टोकाचं गाव यादीतून सरळ बाहेर… वरच्या गावांनी तक्रार केली नव्हती. दुबार आलेलं पाणी कोण परत करतो? साहेबांकडे धावले आणि म्हटलं, "प्रोग्राममध्ये अडचण आहे." कोणाच्या, ते म्हटलं नाही. सह्या झाल्या, वरच्या गावांची दारं बंद केली, पण नहरेचं पाणी काही गाडीत बसून जात नाही. ते पोचलं सहाव्या दिवशी, दिवस मावळताना. त्या गावात निम्मं धान पोचट निघालं.

मी सरांना फोन केला. माझं चुकलं, म्हटलं.

"दुरुस्त केलं का?"

"हो."

"मंग झालं. कंत्राट आहे तुयं, चूप राह्य आता."

मी चूप राहिले. इतक्या आज्ञाधारकपणे मी त्यांचं दुसरं काहीच ऐकलं नव्हतं. नंतर त्यांचे फोन येत, बहुतेक प्रोग्राम कसा चालला आहे हे विचारायला, आणि मला फोनचा आवाजसुद्धा नको वाटे.

पुण्यानुमोदनाच्या, मयतीनंतरच्या विधीच्या दिवशी मी त्यांच्या गावी गेले. पुढच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती, पण नोकरीतल्या माणसाच्या घरी असावीत तेवढी नव्हती. मी काकूंशेजारी बसले. त्या हळूच म्हणाल्या, "गावाचा राग आहे थोडा. मागच्या साली पाणी नाही आलं ना. हेच गावात सांगत फिरले, माया प्रोग्राममंधीच खोट होती, नव्या पोरीनं ते सुधरवली. मंग लोकं बोलत नव्हते यांच्याशी. चहालेबी नव्हते बोलावत."

वर्षभर. मी फोन वाजू देत होते ते सगळं वर्ष.

"काकू, चूक त्यांची नव्हती. माझी होती. त्यांनी मला पहिल्याच दिवशी दाखवली होती आणि मी त्यांना सगळ्यांसमोर पक्षपाती म्हटलं."

काकू रडल्या नाहीत. मला वाटलं, आता हाताला धरून बाहेर काढतील, आणि काढलं असतं तर बरं झालं असतं.

"मले काहून सांगून राहिली?" त्या म्हणाल्या. "या लोकाईले सांग."

मी उभी राहिले. माणसं वर बघू लागली. कोबोल, डॉटनेट, उपप्रोग्राम यातलं काहीच तिथं उपयोगाचं नव्हतं. मी म्हटलं, सरांचा जुना प्रोग्राम पाणी कुठं थांबलं ते लक्षात ठेवत होता. तो मी विसरायला लावला. सरांनी तपासायला सांगितलं, मी तपासलं नाही. तुमचं पाणी माझ्यामुळे गेलं. शेवटचे शब्द तर माझे मलाच नीट ऐकू आले नाहीत.

दाराजवळ बसलेला एक म्हातारा कानामागे हात धरून म्हणाला, "मांगच्याईले ऐकू नाही आलं, बाई. पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं.