दोन रुपयांचं वेगळं, अडीचचं वेगळं

सत्कार समितीनं वैजनाथ गुरुजींच्या कॉमिकच्या पेट्या उघडल्या आणि ‘डबल डबल हायत’ म्हणून निम्मी पुस्तकं पोत्यात भरली. मला विचारलं नाही, ते सोडा. मी भजे तळणारी बाई. पण एवढ्या मोठ्या समितीत एकालाही कव्हराचा कोपरा बघावा वाटला नाही? आता म्हणे, एकेक प्रत शाळेतल्या काचेच्या कपाटात जाणार, आणि पोत्यातली पुस्तकं समारंभाच्या दिवशी गुरुजींच्याच हातानं खटकचिंचोळीकडच्या खेड्यांतल्या लेकरांना वाटणार. हे आधी लिहिलं, कारण शेवटी लिहिलं तर तिथवर कुणी वाचत नाही. आता सगळ्यांना माझा नमस्कार.

वैजनाथ गुरुजींनी आमच्या बसवकल्याणच्या शाळेत चित्रकला शिकवली. त्यांना यंदा साठ पूर्ण झाली. समितीचा चिटणीस धनराज हा त्यांचाच विद्यार्थी, आता आडत दुकानाचा मालक. तो मला म्हणाला, “मावशी, गौरव अंकात गुरुजींवर चार शब्द लिवा. गोड लिवा बरं का.” गोड पाहिजे होतं तर हलवायाकडं जायचं होतं.

गुरुजींची आणि माझी ओळख भांडणानं झाली. घरोघर केबल आली, तशी पोरांची चित्रांची पुस्तकं रद्दीत यायला लागली. मी बसस्टँडपाशी भज्यांचा गाडा लावत होते. कॉमिकचा कागद भज्यांना चांगला, तेल ओढून घेतो. एका दुपारी मी एक कव्हर फाडणार, तेवढ्यात सदऱ्यावर रंगाचे डाग पडलेल्या एका माणसानं त्याचं दुसरं टोक धरलं.

“अक्का, थांबा. ते फाडू नका.”

“कामून? तुमच्या बापाचं हाय का?”

“न्हाई. पण त्याच्यावर अडीच रुपये छापलंय.”

“मग अडीच रुपये टाका की.”

“तसं न्हाई. माझ्याकडं हेच पुस्तक हाय. त्याच्यावर दोन रुपये हाय.”

मी गिऱ्हाइकांकडं वळून म्हणलं, “ऐका रे! ह्यांच्याकडं हाय तरी बी पाहिजे, आणि महाग झालंय म्हणून पाहिजे!” सगळा स्टँड हसला. गुरुजीही हसले, पण त्यांनी टोक सोडलं नाही. शेवटी ठरलं, कॉमिकच्या बदल्यात त्यांनी मला जुने पेपर आणून द्यायचे. मी दुप्पट वजनाचे घेतले. अजूनही मला ते रास्तच वाटतं.

पुढं कितीतरी वर्षं हा व्यवहार चालला. भजे खाता खाता ते सांगायचे आणि मी टोमणे मारायचे. कागद महागला की छापखाना मधेच किंमत बदलायचा. चित्र तेच, गोष्ट तीच, पण थोड्याच प्रती जुन्या किमतीच्या निघून जायच्या आणि त्या मग सापडत नसायच्या. कधी हैदराबादच्या गाडीनं आलेल्या गठ्ठ्यावर एक किंमत, तर सोलापूरच्या गाडीनं आलेल्यावर दुसरी. आपलं गाव दोन्ही गाड्यांच्या वाटेवर, म्हणून दोन्ही प्रती एका ठिकाणी मिळायच्या त्या इथंच, असं गुरुजी म्हणत. त्यासाठी त्यांनी बीदरचा बाजार पालथा घातला, उमरग्याच्या रद्दीवाल्यांशी दोस्ती केली. बायकोनं लुगड्यांसाठी ठेवलेली पेटीसुद्धा त्यांनी पुस्तकांनी भरली. त्याबद्दल तिचं मत या अंकात छापण्यासारखं नाही.

गुरुजींची शिकवणी याच पुस्तकांवर चालत असे. माझी नात त्यांच्या वर्गात होती. ती सांगायची, गुरुजी एकाच कॉमिकची दोन कव्हरं फळ्यावर लावतात आणि म्हणतात, “आधी बघा, मग बोला.” कुणी घाईनं “सारखंच हाय गुरुजी” म्हणलं, की त्याला पुन्हा फळ्यापाशी उभं करायचे. हात कधी उगारला नाही. धनराज त्याच वर्गात होता. तेव्हा तो कुठं बघत होता, देवाला ठाऊक.

त्यांचा स्वभाव कळावा म्हणून एक गोष्ट सांगते. हैदराबादहून एक माणूस खास पुस्तक घेऊन आला. जुनं, दुर्मिळ, दोन रुपयांचं. गुरुजींनी ते माझ्या गाड्यापाशीच उन्हात आडवं धरलं, अंगठा फिरवला आणि परत दिलं. “छान हाय, पण मला नको. चहा घ्या.” त्याला चहा पाजला, भजे खाऊ घातले, गाडीत बसवून दिलं. गाडी गेल्यावर मला म्हणाले, “अक्का, अडीचचा आकडा ब्लेडनं खरवडून वर दोन काढलाय.”

“मग त्याच्या तोंडावर बोलायचं की! वर माझे भजे कामून घातले त्याला?”

“लांबून आला होता,” गुरुजी म्हणाले. “चार माणसांत त्याचं तोंड कशाला पाडायचं?”

मला त्यांचा हा गुण पटत नाही. पण आहे.

आता माझ्यावरचा उपकार. माझा मुलगा पुण्याला कंपनीत लागला. सुनेनं संसार हलवताना माझी एक पितळी कळशी मोडीत घातली आणि कुकर घेतला. मी विचारलं तर म्हणाली, “आत्याबाई, दोन सारख्याच होत्या की. एक ठिवलीय.” सारख्या! माझ्या लग्नात एक आईनं दिली, एक मामानं. दुकान एक, घडण एक, मापही एक. पण एकीवर आईचं नाव, एकीवर मामाचं. राहिली ती मामाची. आईची म्हणावी अशी माझ्याकडं दुसरी वस्तू नव्हती. त्या दिवशी मी गिऱ्हाइकांवर नुसती खेकसत होते.

गुरुजींनी सगळं ऐकलं. ‘जाऊ द्या’ म्हणले नाहीत, ‘वाईट झालं’ही म्हणले नाहीत. एवढंच विचारलं, “अक्का, नाव कुठं घातलंय? काठावर का पोटावर?”

“आईचं काठावर. मामाचं पोटावर.”

ते गेले. भांड्यांच्या दुकानामागं मोडीचा ढीग असतो, तिथं बसून त्यांनी एकेक भांडं उलथंपालथं केलं. दिवे लागायच्या वेळेला कळशी माझ्या गाड्यावर ठेवली. हात कोपरापर्यंत काळे. “बघा, काठावर,” एवढंच बोलले. बदल्यात स्वतःच्या घरची परात दिली होती, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. “तुमची कळशी आली अक्का, माझी परात गेली,” असं त्या बाईंनी मला भर बाजारात सुनावलं. बरोबरच होतं त्यांचं.

त्या दिवशी मला दोन रुपयांचं आणि अडीच रुपयांचं कळलं. शाळेत मी दुसरीपर्यंत गेले, पण एवढ्याला पुढची इयत्ता लागत नाही. ज्यांच्या घरात नाव घातलेली भांडी आहेत, अशा समितीतल्या प्रत्येकाला हे कळायला पाहिजे होतं.

गेल्या आठवड्यात गुरुजी गाड्यावर आले. पेट्यांचं मी विचारलं.

“पोरांनी किल्ली मागितली, मी दिली.”

“आणि जोड्या फोडल्या, ते?”

“प्रेमानं केलंय, अक्का.”

“सांगा की त्यांला!”

“सत्कार करायलेत बिचारे. चार माणसांत त्यांचं तोंड कशाला पाडायचं?”

भज्यांची बशी तशीच ठेवून उठले. इतक्या वर्षांत गुरुजींनी माझे भजे टाकले नव्हते.

म्हणून माझं समितीला म्हणणं असं. लेकरांना पुस्तकं द्यायचीच असतील तर वर्गणी काढा आणि नवी आणा; आडतवाल्यांना ते जड नाही. पोती उघडा. ज्या पुस्तकाची जी जोडी, ती जोडीला लावा, आणि कपाट लहान पडलं तर मोठं करा. जोड्या ओळखता येत नसतील तर माझ्या नातीला बोलवा, ती वर्गात बघत होती.

गुरुजींना भरपूर आयुष्य लाभो. गुडघे उमरग्याच्या गाडीत चढण्याइतके धड राहोत. कव्हरावरचा बारीक आकडा त्यांना शंभरीतही चष्म्याविना दिसो, आणि एखादी जोडी नेहमी लागायची राहो, म्हणजे माणूस घरात बसत नाही. त्यांच्या बायकोला त्यांच्याहून एक वर्ष जास्त मिळो, त्या पेटीत पुन्हा लुगडी ठेवता यावीत म्हणून.

पोत्यांचं काय करणार, हे गुरुजींना कुणी विचारायचं नाही. ते ‘असू द्या’ म्हणतील, आणि तुम्ही ते खरं धराल. उत्तर धनराजनं द्यायचं. शाल घालायच्या आधी, सगळ्यांच्या समोर, आणि तोंडानं नाही, पोती आणून. मी पहिल्या रांगेत बसणार आहे.