गायरानवाले

काही गोष्टी एकेकट्या घडतात, पण आठवताना कळपानं येतात. आमच्या गायरानाचं तसंच. कोणी नुसतं विचारलं, "काय झालं होतं हो त्या जमिनीचं?" की एकामागून एक किस्सा दारात उभा राहतो. ऐकणारे हसतात. हसा. आम्हाला तेव्हा हसू येत नव्हतं, आणि खरं सांगू का, मला आजही येत नाही.

अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेला कापूस मिळेना, ते दिवस. वऱ्हाडात कापसाला सोन्याची झळाळी आली होती. आगगाडीचा रस्ता अकोल्याकडून अमरावतीच्या बाजूला सरकत होता आणि आमच्या गावाजवळ टेशन होणार अशी बोलवा होती. टेशन आणि गाव यांच्या मधोमध आमचं गायरान. साऱ्या गावाची गुरं पिढ्यान्‌पिढ्या तिथंच चरायची.

आमचं मंडळ तिघांचं. सारजाबाई गोवारीण, गावची गुरं राखणारी. नवरा गेल्यावर तिनं त्याची काठी उचलली ती खाली ठेवली नाही. दुसरे करीमभाई पिंजारी, कापूस पिंजता पिंजता माणसंही पिंजणारे. तिसरा मी. रिद्धपूरच्या मठात अक्षरं शिकलो होतो, म्हणून शेती सांभाळून गावाचे अर्ज लिहायचो. अकोल्याच्या कचेरीतले लोक आम्हाला लांबून पाहिलं की म्हणायचे, "आले गायरानवाले."

*

सारजाबाई एका सकाळी नेहमीसारखी कळप घेऊन गेली, तर गायरानात माणसं खुंट्या ठोकत होती. दोऱ्या ताणल्या होत्या, दगड उतरत होते.

"काय करून राहिले बाप्पा?" तिनं विचारलं.

"कापसाची वखार होऊन राहिली. पुढं गठाणी दाबाची प्रेस बी येणार. जागा शेठनं घेतली."

"कोणाकडून?"

"पाटलाकडून."

सारजाबाईला वाटलं, माणूस मस्करी करतो. ती म्हणाली, "अन् मंग ह्या गाई कोणाच्या?"

मुकादम भला माणूस होता. त्यानं शांतपणे समजावलं, "गाई तुमच्याच हायेत बाई. गवत शेठचं हाय."

*

आम्ही चावडीवर गेलो. पाटील गादीवर बसले होते. गायरान गावाचं, सरकारी दप्तरात तसंच लागलेलं. पण पाटलांनी ते वाडवडलांचं शेत म्हणून खुशाल विकलं होतं. चार लोकांना न विचारता, दवंडी न पिटता.

मी म्हणालो, "पाटील, ते गावाचं आहे."

"मी कोण्या गावाचा हाय?" पाटील म्हणाले. "अन् कापसाचा जमाना आला, तरी तुमी गवत घेऊन बसले. गवताले कोण इचारते आता?"

करीमभाई दाराशी उभे होते. म्हणाले, "बैल इचारतात, पाटील. तुमचा कापूस अकोल्यापावतर गवतच ओढून राहिलं."

चावडीतले दोघेतिघे हसले. दुसऱ्या दिवशी त्यांना पाटलांनी वेगवेगळं बोलावून घेतलं. त्यानंतर ते दोघेतिघे आमच्याशी रस्त्यात बोलेनासे झाले.

*

पहिला अर्ज अकोल्याला दिला. चौकशीचा हुकूम निघाला तेव्हा आम्ही गावात गूळ वाटला. इतके आम्ही भोळे.

चौकशीला एक कारकून आले, पुण्याकडचे, बोलणं मऊ. घोड्यावरून उतरले ते सरळ पाटलांच्या वाड्यात. आंघोळ तिथं, पंगत तिथं, दुपारची झोप तिथं. संध्याकाळी पाटलांच्याच ओसरीवर गावकऱ्यांना बोलावलं. कारकुनांना आमची बोली नीट कळत नव्हती, म्हणून मध्ये समजावून सांगायला बसले स्वतः पाटील.

कारकुनांनी विचारलं, "साक्ष द्यायला कोणावर दडपण आहे काय?"

पाटील आमच्याकडे वळले. एकेकाच्या तोंडाकडे पाहत सावकाश म्हणाले, "साहेब इचारतात, कोणावर दडपण हाय का?"

ज्याच्याकडे पाहिलं त्याची मान खाली गेली.

कारकून बोलत बोलत लिहू लागले, "कोणावरही दडपण नाही."

मी बोलायला उठलो, तर म्हणाले, "तुम्ही अर्जदार. तुमचं म्हणणं अर्जात आलंच आहे. बसा."

सारजाबाईला तर त्यांनी विचारलंच नाही. आयुष्य त्या रानात गेलं तिचं.

*

निकाल पाटलांच्या बाजूनं गेला, म्हणून आम्ही वर अपील केलं. स्वच्छ लिहिलं, की ज्यांनी चौकशी केली त्यांनी ती पाटलांच्या घरी जेवून केली, तर दुसऱ्या कोणाकडून करवावी. उत्तराची वाट पाहून थकलो आणि गाडी जोडून अकोल्याला गेलो. या मेजावरून त्या मेजावर फिरत शेवटी एका खोलीत पोचलो. तिथं आमचं अपील पुढ्यात घेऊन बसलेले कोण? तेच कारकून.

करीमभाई माझ्या कानाशी म्हणाले, "या अल्ला. बकरा कसायालेच सांगून राहिला, का मले वाचव."

मी धीर करून म्हणालो, "साहेब, ही तक्रार तुमच्याच कामाविरुद्ध आहे."

ते रागावले नाहीत. उलट समजुतीच्या सुरात म्हणाले, "म्हणूनच माझ्याकडे आली. या प्रकरणाची माझ्याइतकी माहिती दुसऱ्या कोणाला आहे?"

*

हसता हसता इथं थांबावं लागतं.

शेठच्या लोकांनी दोऱ्यांच्या जागी काटेरी कुंपण घातलं. गुरांना ते काय कळतं? पाय नेतील तिकडं गेली. शेठच्या माणसांनी ती हाकून कोंडवाड्यात घातली. ऐन उन्हाळा. सोडवायला सारजाबाई गेली, तर कोंडवाड्याचा राखणदार पाटलाच्या कामावर गेलेला, किल्ली त्याच्या कमरेला. ती दिवसभर भिंतीवरून मडक्यानं पाणी ओतत राहिली. पाणी ज्यांना मिळालं त्यांना मिळालं. तिची स्वतःची गाय गाभण होती आणि पार कोपऱ्यात पडली होती.

संध्याकाळी राखणदार आला. दार उघडलं तेव्हा गाय गेलेली होती. त्यानं आधी पावती पुढं केली. "सारी गुरं जितीजागती मिळाली म्हून अंगठा दे, मंग ने."

सारजाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणाली, "तू तिले उठव. उठली का देतो अंगठा."

त्या दिवशी मी तिच्याबरोबर होतो. मी कचेरीतल्या खुर्च्यांपुढे हात जोडत आलेला माणूस. पण घरी येताना रस्ताभर माझ्या मुठी उघडत नव्हत्या. तोवर आम्ही जमीन मागत होतो. त्यानंतर आम्ही एकच मागणं धरलं: चौकशी बाहेरच्या माणसाची पाहिजे. अकोल्याचा नको, पाटलाचा सोयरा नको, शेठचा मिंधा नको.

*

अमरावतीला बड्या साहेबाच्या बंगल्याबाहेर आम्ही लिंबाखाली बसलो. चपराशी हुसकायचा, आम्ही दुसऱ्या लिंबाखाली जायचो. शेवटी साहेब फिरायला निघाला तेव्हा सारजाबाई वाटेतच बसली. घोडा थांबला.

साहेबानं मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं, "चौकशी तो हुआ. अब कैसा चौकशी माँगता?"

मी मनात मोठं भाषण जुळवून आणलं होतं. मी ते सुरू करणार, तोच करीमभाईंनी सलाम करून सांगितलं, "हुजूर, ऐसी के जिसमें साहब अपना खाना अपने घर से लाए."

साहेबाच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं नाव-गाव लिहून घ्यायला सांगितलं.

*

निकाल काय लागला, ते आधीच सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. विक्री रद्द झाली. गायरान गावाचं ठरलं. पण हुकूम हाती पडेपर्यंत अमेरिकेतली लढाई संपली होती, कापूस कोसळला होता आणि शेठ अर्धी वखार तशीच टाकून निघून गेला होता. चांगल्या गवताच्या जागी त्याच्या जोत्याचे दगड राहिले. पाटलांना ताकीद मिळाली. पुण्याकडच्या कारकुनांना बढती मिळाली. सारजाबाईच्या गाईबद्दल हुकुमात एक ओळ नव्हती. मी ती पुन्हा अर्ज करून मागितली. उत्तर आलं नाही.

पण चौकशीचा तो दिवस मी विसरणार नाही.

अमरावतीहून अधिकारी आले. त्यांनी नदीपलीकडे तंबू ठोकला आणि साऱ्या गावाला गायरानातच बोलावलं. पाटलांनी ठासून सांगितलं, "हे आमचं वाडवडलांचं वावर. इथं गावाचं ढोर कधी चरलं नाई." आमच्या तिघांखेरीज उलट बोलायला कोणी पुढं येईना. अधिकारी पुन्हा पुन्हा विचारत होते, लोक पुन्हा पुन्हा जमिनीकडे पाहत होते.

तेवढ्यात गावाकडून एक दमणी आली, पडदे सोडलेली. बैल थांबले. पडदा सारून पाटलीणबाई खाली उतरल्या. वाड्याबाहेर त्यांना पायी चालताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

त्या अधिकाऱ्यांसमोर आल्या आणि म्हणाल्या, "लगन झालं तवा मायच्या घरून मले गाय देली होती. ते इथंच चरे, गावच्या गुरायसंगं. हे गायरान हाय."

अधिकाऱ्यांनी पाटलांना विचारलं, "ह्या बाई कोण?"

पाटलांनी नजर दमणीकडे वळवली. मग म्हणाले, "मी नाई ओयखत."

अधिकाऱ्यांनी लेखणी थांबवली आणि ते पाटलीणबाईंकडे वळले. "बाई, तुम्ही ह्यांना ओळखता?"

पाटलीणबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.

"हो," त्या म्हणाल्या. "हे गावचे पाटील. गायरान राखाचं काम ह्यायचंच हाय."