काका, खांदा

कवळीकाकांच्या टेबलावर बत्तीशा हारीने हसत बसलेल्या असत, आणि त्यांच्यासमोर हा गृहस्थ तोंडाला कुलूप लावून मेणात दात बसवत असे. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे, कवळ्या परत जायच्या. ज्याचं तोंड तो माणूस काही कधी दिसायचा नाही. काकू गेल्यापासून घरातही बोलायला भिंतीच. लेक लांबच्या देशात. रविवारी तिचा फोन येई, "बाबा, जेवलात का?" आणि बाबा जेवलेले असोत वा नसोत, "हो" म्हणत.

डॉक्टरने अंग हलवायला सांगितलं की शहाणा माणूस चालायला जातो. यांनी कराटे धरलं. पोराटोरांत हसं नको म्हणून एकट्यासाठी शिकवणी लावली. शिकवणाऱ्या मॅडम लेकीच्याच वयाच्या, पण हाडाच्या शिक्षिका. उड्या नाहीत, लाथा नाहीत. महिनोन्महिने तोच उभं राहण्याचा पवित्रा आणि तोच सरळ ठोसा. ठोसा मारताना काकांचा खांदा कानाकडे चढे. "काका, खांदा," म्हणत मॅडम तो दोन बोटांनी खाली दाबत. एवढंच. पण न्हावी सोडला, तर काकू गेल्यापासून काकांच्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. आठवडाभर ते त्या दोन बोटांची वाट बघत.

एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "काका, पाया पक्का झाला तुमचा. आता एकट्याची शिकवणी पुरे. पुढच्या महिन्यापासून मोठ्यांच्या वर्गात या."

शाबासकीच होती ती. पण त्या घोळक्यात काकांचा खांदा कोण बघणार?

पुढच्या शिकवणीला खांदा पुन्हा चढला. त्याच्या पुढच्यालाही. मॅडमनी दाबला की काकांना बरं वाटे आणि लगेच लाजही वाटे. या वयात ही लबाडी.

मग एका संध्याकाळी काका लवकर येऊन आरशासमोर एकटेच ठोसे मारत होते. ठोसा सरळ, खांदा जागच्या जागी. तेवढ्यात दारात चपला काढणाऱ्या मॅडम आरशात दिसल्या, आणि खांदा टुणकन वर गेला.

मॅडम हसल्या नाहीत. शेजारी येऊन उभ्या राहिल्या, मूठ वळली. "आज तुम्ही माझं बघा."

त्यांचा खांदा चढलेला होता. काकांनी चाचरत दोन बोटं ठेवली. खांदा लोण्यासारखा खाली आला. त्यात ताठपणा असा नव्हताच. नकली वस्तू घडवण्यात काकांचा जन्म गेला होता. हा खांदा मुद्दाम उचललेला होता, आणि आपलं सोंगही मॅडमना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे त्यांना एकदमच कळलं. त्यांचे कान तापले.

"वर्गात नवी माणसं आलीत," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांचे खांदे कानाला लागलेले. मी एकटी कुठे कुठे पुरणार? तुम्ही बघाल?"

काकांनी आपल्या दोन बोटांकडे पाहिलं.

"आणि माझा चढला तर?"

"मी आहे की तिथेच."

काकांनी मान हलवली, पवित्रा घेतला. रडू आवरताना माणसाचा खांदा चढतो, तसा त्यांचाही चढला. आज तो त्यांनी चढवला नव्हता.

"काका, खांदा," मॅडम म्हणाल्या आणि दोन बोटं ठेवली.