मालकांच्या रानातला हुरडा

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत जाळलेली गावाबाहेरची आमची वस्ती बघायला नांदेडहून कॉलेजची पोरं येतात. त्यांना जागा दाखवायचं, तेव्हाचं सांगायचं काम माझ्याकडे. या खेपेला फेरी संपल्यावर मालकांच्या रानात हुरडा ठेवला होता. गोवऱ्यांच्या आरात कणसं पडली, भाजक्या ज्वारीचा वास सुटला आणि माझे पाय जागीच थांबले.

त्या सकाळीही हाच वास होता. मी सात-आठ वर्षांची असेन. रात्रभर उसात लपून आम्ही परतलो, तर घराच्या नुसत्या काळ्या भिंती उरलेल्या आणि कणगीतली ज्वारी आतल्या आत धुमसत होती. रात्रीपासून पोटात काही नव्हतं, त्यात तो खमंग वास. आई राखेत बसून न जळलेले दाणे पदरात वेचत होती. ती ज्वारी म्हणजे मालकांच्या रानात राबल्याची तिची मजुरी. आणि रॉकेलचा डबा घेऊन पुढं होते तेही मालकच. आईनं पाहिलं होतं.

"सोताच्याच रानातली जवारी जाळली," ती म्हणाली. "वळखली बी न्हाई त्येंनी."

आज वाटतं, ती नुसत्या ज्वारीबद्दल बोलत नव्हती.

मालकांचा नातू पानावर हुरडा घेऊन आला. "घ्या मावशी, घरच्या रानातला हाय."

एका पोरीनं मोबाईल माझ्यापुढं धरला. "मावशी, शेवटी एखादी गोड आठवण सांगा ना."

मी म्हटलं, "हुरडा गरम हाय तवर खाऊन घ्या."