शॅननचं पहिलं गिऱ्हाईक

शॅनन हिंडलने शाळेनंतर सिक्स्थ फॉर्म कॉलेजात ए-लेव्हलच्या पुस्तकी विषयांऐवजी आयटीचं धंदेशिक्षण घेतलं, तेव्हा बर्नलीतल्या निम्म्या नातेवाइकांनी तिच्या आईचं सांत्वन केलं. "जाऊ दे डनीस, ए-लेव्हल काय सगळ्यांनाच झेपतात थोडे?" असं म्हणत वर केकचा दुसरा तुकडाही उचलला. हाताला काम शिकवणारं शिक्षण म्हणजे बुद्धीने कमी पडलेल्यांची सोय, असा समज या गावात घट्ट आहे. मात्र तोच समज धरून बसणाऱ्यांच्या घरचं इंटरनेट बंद पडलं की पहिला फोन शॅननला जायचा. ती जायची, सुटलेली वायर नीट खोचायची आणि चहा पिऊन परत यायची. पोरगी अबोल, पण एकदा मनात घेतलं की हट्टाला पेटायची. हा हट्ट आजोबांकडून आलेला.

आजोबा म्हणजे विल्फ. बाजारात त्याचा मासळीचा गाळा होता. बाजारात पाऊल टाकायच्या आधी त्याचा आवाज भेटायचा. "हॅडक घ्या हॅडक! सकाळी पोहत होता, बिचाऱ्याला अजून पत्ता नाही!" दर शनिवारी छोटी शॅनन गाळ्यामागे एका उलट्या पेटीवर बसलेली असायची. गिऱ्हाईक आलं की विल्फ तिला शिकवायचा, "आधी विचारायचं, मग सुरी उचलायची. उलटं केलंस तर मासा वाया."

समोर क्लिफर्ड नटॉलचा चीजचा गाळा. हा क्लिफर्ड जन्माचा नकलाकार. विल्फ ओरडला रे ओरडला की समोरून तीच आरोळी यायची, तोच घोगरा सूर, शेवटी तोच उडवलेला हेल. गिऱ्हाइकं गोंधळायची आणि विल्फचा तिळपापड व्हायचा. "मेल्या, तुझ्या चीजपेक्षा तुझ्या तोंडाला वास जास्त!" उभं आयुष्य दोघांनी असं काढलं. आमच्याकडे यालाच मैत्री म्हणतात.

मग एका शरद ऋतूत विल्फला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, शब्द तेवढे आत अडकून बसले. 'हो' म्हणायचं असेल तर तो डावा अंगठा वर करायचा आणि 'नाही' म्हणायचं असेल तर तोंड खिडकीकडे वळवायचा. लोक हळूहळू त्याच्यादेखत त्याच्याविषयी बोलू लागले. क्लिफर्ड तर एकदाही फिरकला नाही. "जन्मभर समोर उभा होता," डनीस धुमसायची, "आणि आता दोन गल्ल्या ओलांडून येववत नाही मेल्याला."

शॅननच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षी प्रत्येकाने एका खऱ्या गिऱ्हाइकासाठी काहीतरी बनवायचं असतं. ते गिऱ्हाइकाने वापरून बघायचं आणि पसंत की नापसंत ते सांगायचं. हुसेन सर म्हणायचे, "खोटं गिऱ्हाईक चालणार नाही. ते कधी कटकट करत नाही, मग तुम्ही शिकणार काय?" कोणी केस कापायचं दुकान निवडलं, कोणी मामाचं कबाबचं हॉटेल. शॅननने आजोबा निवडले. गुण मिळाले असते तर हवेच होते, पण तिला खरं म्हणजे आजोबांनी बोलायला हवं होतं. बाकी काही नाही.

जुना टॅब्लेट आणून सबंध हिवाळा ती त्यावर राबली. चित्रांची मोठमोठी बटणं केली. बटण दाबलं की यंत्र बोलणार. पाणी हवं, दुखतंय, थंडी वाजते, आभारी आहे. एका रविवारी जेवणं झाल्यावर तिने तो टॅब्लेट विल्फपुढे ठेवला. विल्फने पाण्याच्या पेल्यावर बोट टेकवलं.

"कृपया मला एक पेला पाणी मिळू शकेल का? मी आपली अत्यंत आभारी राहीन," टॅब्लेटमधून एक बाई म्हणाली. लंडनच्या भारी बँकेत बसणारी असावी.

डनीसला ठसकाच लागला. विल्फने टॅब्लेटकडे असं पाहिलं, जसं कोणी त्याच्या गाळ्यावर परवाचा मासा आणून टाकलाय. मग त्याने तो दूर सारला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

शॅननने आवाज बदलून पुरुषाचा केला. तो बँकेचा मॅनेजर निघाला. तिने चित्रं मोठी केली, रंग बदलले. आठवडाभर रोज ती टॅब्लेट पुढे ठेवायची आणि विल्फ रोज तो सारून द्यायचा. एकदा तर त्याने त्यावर चहाची किटली ठेवली. त्या दिवशी पोरीचा बांध फुटला.

"तुमच्यासाठी राबले ना मी! बोलायचंच नसेल तर बसा असेच मुके!"

बोलून गेली आणि तिचंच काळीज चरकलं. ती वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या दिवशी हुसेन सरांनी सगळं काम उलटसुलट तपासलं. "काम सुरेख आहे. बटणं कुठली घालायची, ते कोणी ठरवलं?"

"मी."

"गिऱ्हाइकाला विचारलंस?"

"सर, त्यांना बोलता येत नाही."

"त्यांना बोलता येतं का, हे मी विचारलंच नाही बेटा. तू विचारलंस का?"

आधी विचारायचं, मग सुरी उचलायची, हे शॅननने पेटीवर बसून इतक्यांदा ऐकलं होतं, आणि आजोबांच्याच बाबतीत नेमकी ती ते विसरली होती.

त्या संध्याकाळी ती विल्फसमोर बसली. "आजोबा, चुकलं माझं. आता विचारते. चित्रं चालतील?" अंगठा वर. "पाणी ठेवू?" खिडकी. "चहा?" अंगठा, तोही ताबडतोब. "आणि हा आवाज?" विल्फने मान इतक्या जोरात वळवली की डनीस म्हणाली, "अहो, मान मोडेल ना!"

"मग कोणाचा हवा? माझा?"

विल्फने तिचा हात थोपटला. मग हळूच खिडकीकडे पाहिलं.

"तुमचाच?"

अंगठा वर आला. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते.

पण तो आवाज आणायचा कुठून? विल्फ फोनवरच्या निरोप ठेवायच्या यंत्राशी कधी बोलला नव्हता. एका लग्नाच्या व्हिडिओ फितीत तो होता, पण पाठमोरा आणि बँडच्या दणदणाटात. शॅनन हे सांगत होती, तेवढ्यात विल्फने डाव्या हाताने टेबलावर थाप मारली आणि फ्रिजकडे बोट दाखवलं. डनीसने दूध दाखवलं. खिडकी. लोणी दाखवलं. खिडकी. चीजचा तुकडा काढला, तशी विल्फने मान डोलावली.

"खायचंय?" खिडकी.

शॅनन चीजकडे बघत राहिली. "क्लिफर्डकाका?"

अंगठा वर गेला आणि वरच राहिला.

शनिवारी ती बाजारात गेली. क्लिफर्ड गाळा पुसत होता. तिला पाहून त्याने आणखी जोरात पुसायला घेतलं. "कसा आहे गं तो?"

"येऊन बघायचं ना."

"कुठल्या तोंडाने येऊ, पोरी?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "जन्मभर त्याच्या आवाजाची टिंगल केली. आता त्याचा आवाज त्याच्यापाशी नाही, माझ्यापाशी आहे. चोरी केल्यासारखं वाटतं मला."

"मग परत करा ना," शॅनन म्हणाली.

कॉलेजातल्या एका लहान खोलीत माइकसमोर क्लिफर्ड टोपी हातात घेऊन बसला. त्याने डोळे मिटले, घसा खाकरला आणि विल्फच्या आवाजात म्हणाला, "डनीस, चहा टाक, घशाला कोरड पडलीय." शॅननने खुर्चीचा हात गच्च धरला. कित्येक महिन्यांनी आजोबा बोलत होते. विल्फने अंगठ्याने पसंत केलेलं एकेक वाक्य क्लिफर्डने म्हटलं. "दुखतंय, पण गावभर सांगत सुटू नका." "तो टीव्ही बंद करा, डोकं उठलं." "क्लिफर्ड, तुझ्या चीजला वास मारतो." हे शेवटचं त्याने इतकं मनापासून म्हटलं, की त्यालाच हसू आलं.

मग तो म्हणाला, "एक वाक्य मी माझ्या मनाचं म्हणतो. तू जरा बाहेर थांब, आणि ते ऐकू नकोस. गिऱ्हाइकाचा माल आहे. त्या बटणावर उलट्या पेटीचं चित्र काढ."

रविवारी क्लिफर्ड कागदात गुंडाळलेलं चीज घेऊन दारात उभा राहिला. डनीसने त्याला आत घेतलं, मग पाव आणि चीज कापून विल्फपुढे बशी ठेवली. शॅननने टॅब्लेट ठेवला. सकाळी तिने नाश्त्याची बशी तशीच परत सारली होती.

विल्फने चहाच्या कपावर बोट टेकवलं. "डनीस, चहा टाक, घशाला कोरड पडलीय." डनीस किटली हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि रडू लागली. मग विल्फने क्लिफर्डकडे पाहत चीजच्या चित्रावर बोट ठेवलं. शिवी ऐकून क्लिफर्डने नाक पुसलं. "शहाणा आहेस," तो म्हणाला. विल्फने लगेच तेच बटण पुन्हा दाबलं.

"आजोबा," शॅनन म्हणाली, "आता गिऱ्हाइकाने सांगायचं असतं. पसंत आहे का?"

ती अंगठ्याची वाट बघत होती. विल्फने अंगठा उचलला नाही. त्याचं बोट बटणांवरून फिरत शेवटच्या चित्रापाशी थांबलं. उलटी पेटी पाहून त्याने क्लिफर्डकडे नजर टाकली. क्लिफर्ड टोपीशी खेळत होता. विल्फने बटण दाबलं.

"शॅनन, ए चिमणे, सकाळपासून काही खाल्लंस का गं?"

दर शनिवारी, हातातला मासा खाली ठेवून, तो तिला हेच विचारायचा. तिला चिमणी म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

"नाही, आजोबा," ती म्हणाली.

विल्फने डाव्या हाताने आपली बशी तिच्यापुढे सरकवली आणि ती खाईपर्यंत तिच्याकडे बघत बसला.